वाल-ओ-माट रिव्ह्यू: छोट्या पक्षाला मत देणार असाल तर हे वाचून मग वापरा

जर्मनीत राहणाऱ्या आणि इथलं नागरिकत्व घेऊन मतदार झालेल्या मंडळींसाठी लिहितेय. वाल-ओ-माट ही फुकट ऑनलाइन सेवा आहे, नागरिकांच्या राजकीय शिक्षणासाठी इथे जी केंद्रीय सरकारी संस्था आहे ती 2002 पासून चालवते, निवडणुकीच्या थोडं आधी सुरू होते. मी 2021 च्या संसदेच्या निवडणुकीला पहिल्यांदा वापरली, 2025 ला परत वापरली, आणि मधल्या साडेतीन वर्षांत जे झालं ते बघून मी ती दुसऱ्या वेळी पूर्ण वेगळ्या पद्धतीने वापरली. 5 पैकी 4 स्टार.

वापरायला एकदम सोपी. 38 विधानं एकामागून एक येतात, प्रत्येक एका वाक्याचं, त्यावर सहमत, तटस्थ किंवा असहमत दाबायचं, नाहीतर सोडून पुढे जायचं. जर्मन अगदी पक्कं नसलं तरी निभावतं. शेवटी जे मुद्दे तुम्हाला जास्त महत्त्वाचे वाटतात त्यांना डबल वजन देता येतं आणि मग कुठल्या पक्षाशी तुमचं किती टक्के जुळतं ते दिसतं. आधी एका वेळी 8 च पक्ष तुलनेला घेता यायचे, 2019 च्या युरोपियन निवडणुकीत वोल्ट हा छोटा पक्ष त्यावरून कोलोनच्या कोर्टात गेला, आता सगळे एकदम बघता येतात. छोट्या पक्षांच्या दृष्टीने हा बदल फार मोठा आहे, कारण जो पक्ष यादीतच दिसत नाही त्याला कोण मत देणार.

आता मुद्द्याचं. 2021 ला त्यात एक विधान होतं की सगळ्या ऑटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गांवर, सरसकट वेगमर्यादा हवी. मी सहमत दाबलं आणि डबल वजन दिलं. माझ्या निकालात पर्यावरणवादी ग्रीन पक्ष सगळ्यात वर आला, मी त्यांना मत दिलं, त्यांना 14.8 टक्के मिळाले, आणि ते एसपीडी (डावीकडे झुकलेला मोठा पक्ष) आणि एफडीपी (बाजारवादी छोटा पक्ष) बरोबर युतीत गेले. युतीचा करार आला, पावणेदोनशे पानांच्या आसपास, आणि त्यात स्पष्ट लिहिलेलं की सरसकट वेगमर्यादा येणार नाही. म्हणजे मी ज्या मुद्द्याला डबल वजन दिलं तोच सरकार बनायच्या आधी सोडला गेला, आणि वाहतूक खातं गेलं एफडीपीकडे. मला तेव्हा खरंच वाईट वाटलं होतं.

पण याच्यात वाल-ओ-माटचा दोष नाही हे मला नीट सांगायचंय. ती पक्षाची भूमिका सांगते, ती उत्तरं पक्षांनी स्वतः दिलेली असतात, आणि हा निकाल म्हणजे मतदानाचा सल्ला नाही असं ते स्वतःच सांगतात. पण भूमिका आणि सौदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि छोट्या पक्षाच्या बाबतीत सौदाच सगळं ठरवतो. 15 टक्क्यांच्या पक्षाला 38 पैकी 38 गोष्टी मिळणारच नाहीत, मग तो कुठल्या 5 धरून ठेवणार आणि कुठल्या 33 सोडून देणार, हे निकालातल्या कुठल्याच टक्केवारीत दिसत नाही.

मग छोट्या पक्षाने सत्तेत जावंच का? यावर मी बरीच वर्षं विचार करतेय आणि माझं ऑफिसमधल्या एका मित्राशी यावर कायम वाजतं, तो एफडीपीवाला. त्याचं म्हणणं, सत्तेत गेलं की छोटा पक्ष मार खातो, आणि आकडे त्याच्या बाजूने आहेत. 2009 ला एफडीपीला 14.6 टक्के मिळाले, टॅक्स कमी करू म्हणून आले, तेव्हाच्या चॅन्सेलर (इथल्या पंतप्रधान) मर्केलबाईंबरोबर सरकारात गेले, मोठी कपात काही झाली नाही, आणि 2013 ला 4.8 टक्के, म्हणजे संसदेत यायला लागणाऱ्या 5 टक्क्यांच्या अटीखाली, 1949 नंतर पहिल्यांदाच संसदेच्या बाहेर. 2017 ला परत आले तेव्हा त्यांचे नेते लिंडनरनी युतीची बोलणी मध्यरात्री मोडली, चुकीचं सरकार चालवण्यापेक्षा न चालवलेलं बरं म्हणाले, सगळ्यांनी शिव्या घातल्या, आणि 2021 ला त्यांची मतं वाढलीच. मग परत सत्तेत गेले. पक्षात इतकी धुसफूस की बाहेर पडायचं का म्हणून सदस्यांना विचारलं गेलं, जेमतेम 52 टक्के राहू या म्हणाले, नोव्हेंबर 2024 मधे चॅन्सेलर शोल्झनी अर्थमंत्री लिंडनरना काढलं, सरकार पडलं आणि फेब्रुवारी 2025 ला पक्ष 4.3 टक्क्यांवर, परत बाहेर.

हे सगळं खरं आहे. पण मित्र पक्षाचा हिशोब मांडतो आणि मी मतदार आहे, मला पक्ष जगवायचा नाहीये, मला कामं झालेली हवीत. ग्रीन युतीत होते म्हणून काय झालं ते बघा. 2022 ला महागाई भडकली तेव्हा एफडीपीला पेट्रोलवरचा कर कमी हवा होता, ग्रीनला स्वस्त ट्रेन-बस हवी होती, दोघांनी आपापलं घेतलं आणि त्यातून जून ते ऑगस्ट 9 युरोचं तिकीट आलं, आणि ते इतकं चाललं की मे 2023 पासून 49 युरोचं देशभराचं तिकीट सुरू झालं. पुढे महाग झालं, पण आहे. नागरिकत्वाची अट 8 वर्षांवरून 5 वर आली, जून 2024 पासून लागू, आपल्यातल्या कितीतरी जणांना त्याचा थेट फायदा झाला. विरोधी बाकावर बसून यातलं काय मिळालं असतं? भाषणं.

बाहेरून पाठिंबा हा मार्ग आपल्याला ओळखीचा आहे पण इथे केंद्रात त्याला सहसा कोणी हात लावत नाही, त्यामुळे आत किंवा बाहेर एवढंच उरतं. आणि माझं मत आत जावं असंच आहे, फक्त ज्या विषयावर मतं मागितली ते खातं हातात असलं पाहिजे. हे मला वाहतूक खात्यावरून कळलं. 2023 ला पेट्रोल-डिझेल गाड्यांवरचा युरोपियन निर्णय ऐनवेळी अडला तो एफडीपीमुळे, आणि अडवण्यात पुढे होते ते त्यांचेच वाहतूक मंत्री. करारातलं वाक्य मंत्र्याशिवाय काही कामाचं नाही. खातं मिळत नसेल तर निदान एक कायदा तारखेसकट लिहून घ्यावा, तेही नसेल तर जाऊ नये, मग किती का मंत्रिपदं देत असेनात. ग्रीनच्या 86 टक्के सदस्यांनी तो करार मंजूर केला, मी सदस्य असते तर मीही हो म्हटलं असतं बहुतेक, पण खातेवाटपावर आधी भांडले असते.

तर 2025 ला मी काय केलं ते सांगते. टक्क्यांकडे फार बघितलंच नाही. प्रत्येक विधानाखाली पक्षाने आपलं कारण दिलेलं असतं ते उघडून वाचलं, हा या सेवेतला सगळ्यात चांगला भाग आहे आणि बरेच लोक तिथपर्यंत जातच नाहीत. जिथे पक्ष ठोस आकडा, वर्ष, पैसे कुठून येणार ते लिहितो तिथे तो भांडेल असं मी धरलं, जिथे नुसतं गोलगोल आहे तो मुद्दा पहिल्या आठवड्यात सुटणार. पहिल्या तीन पक्षांची अशी दोन कॉलमची यादी केली, अर्धा-पाऊण तास लागला. ती यादी घेऊन चौकातल्या प्रचाराच्या स्टॉलवर गेले आणि विचारलं की यातली कुठली गोष्ट मिळाली नाही तर तुम्ही सरकारात जाणार नाही. एका बाईंनी थोडा विचार केला आणि दोन गोष्टी सांगितल्या, त्या मी तारखेसकट लिहून ठेवल्यात. मत त्यांच्याच पक्षाला दिलं.