सनद मिळाली, आता बसायचं कुठं? जिल्हा कोर्ट, हायकोर्ट की कंपनी

एलएलबीचा निकाल लागून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, हातात आली की आपल्या कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडच्या पोरापोरींना हाच प्रश्न पडतो, आणि घरात आधी कुणी वकील नसेल तर नीट सांगणारंही कुणी भेटत नाही. आधी हायकोर्ट म्हटलं की मुंबईत खोली शोधायची तयारी लागायची. आता 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे बाहेरगावी बसणारं खंडपीठ, सुरू झालंय, त्यात सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग धरून सहा जिल्हे येतात, म्हणजे हायकोर्टाचा पर्याय खरोखर हाताशी आलाय. तरी माझं मत सरळ आहे, पहिली तीन वर्षं जिल्हा किंवा तालुका कोर्ट, तेही दिवाणी काम भरपूर असलेल्या सिनिअरकडं.

कारण एकच, उलटतपास, म्हणजे समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला प्रश्न विचारणं. वाटणीचा दावा घ्या. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव होतं, एका फेरफारानं (तलाठ्याकडच्या हक्कबदलाच्या नोंदीनं) ते कमी झालं, भाऊ म्हणतो तिनं हक्क सोडला. आता हक्कसोडपत्र रजिस्टर आहे का, फेरफाराची नोटीस बहिणीला मिळाली का, ती त्या वेळी नांदायला कुठल्या गावी होती, हे भावाकडूनच एकेक छोटा प्रश्न विचारत काढायचं असतं, आणि कुठला प्रश्न विचारायचाच नाही हेही तिथं उभं राहूनच कळतं. हायकोर्टात अपिलात हाच पुरावा टाईप होऊन पेपरबुकात (खटल्याच्या कागदांच्या बांधीव संचात) येतो, साक्षीदार समोर नसतो. शिवाय जिल्हा-तालुका कोर्टात दावा, कैफियत (दाव्याला लेखी उत्तर), मनाई अर्ज सगळं मराठीत, पक्षकार थेट तुमच्याशी बोलतो, त्यामुळं पुढं स्वतःची प्रॅक्टिस उभी करायला हीच माणसं कामाला येतात.

तोटा म्हणजे पैसे. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअरला शहरात महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 द्यावेत अशी शिफारस केलीय, पण ती शिफारसच आहे, बंधन नाही, त्यामुळं आकडा आधीच विचारून घ्या, लाजू नका. पेट्रोल आणि जेवण सुटेल एवढं तरी मिळायलाच हवं.

हायकोर्टात काम स्वच्छ असतं. रिट, अपील, जामीन, सगळं इंग्रजीत. तारखांचा गोषवारा कसा लिहायचा, निकाल कसा शोधायचा, जजसमोर पाच मिनिटांत मुद्दा कसा मांडायचा हे तिथं शिकायला मिळतं तसं खाली मिळत नाही. इंग्रजी ड्राफ्टिंग पक्कं असेल आणि घरून वर्ष-दोन वर्षं आधार असेल तर थेट जायला हरकत नाही, पण खाली साक्षी-पुरावे चालवून गेलेला ज्युनिअर अपिलाची फाईल वेगळ्याच नजरेनं वाचतो.

कंपनीत पहिल्या महिन्यापासून पगार आहे, कर्ज असेल, घर तुमच्यावर चालत असेल तर तो निर्णय अजिबात चुकीचा नाही. पण हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं की पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली करता येत नाही, बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित ठेवावी लागते. आणि ज्यांच्या डोक्यात जेएमएफसी, म्हणजे खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाची परीक्षा (दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी), आहे त्यांच्यासाठी इथंच सगळं फिरतं, कारण सुप्रीम कोर्टानं 20 मे 2025 च्या निकालात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी किमान तीन वर्षं प्रॅक्टिसची अट परत आणली. ती तात्पुरती सनद मिळाल्या तारखेपासून मोजायची, आणि किमान दहा वर्षं प्रॅक्टिस झालेल्या वकिलाचा दाखला न्यायिक अधिकाऱ्याच्या सहीनं लागतो, म्हणून पहिल्या दिवसापासून तुमचं नाव असलेली वकीलपत्रं आणि रोजनाम्याच्या (कोर्टात त्या दिवशी काय झालं त्या नोंदीच्या) नकला जपून ठेवा. (एआयबीई, म्हणजे बार कौन्सिलची सनद पक्की करणारी परीक्षा, दोन वर्षांत पास व्हायची आहे, तीही टाळू नका.) जेएमएफसीला सुरुवातीचा मूळ पगारच 77,840 आहे, त्यामुळं जिल्हा कोर्टातली ती तंगीची तीन वर्षं या बाजूनं बघितली तर वाया जात नाहीत.

सिनिअर ठरवायच्या आधी दोन-तीन दिवस त्यांच्या कोर्टात मागच्या बाकावर बसून बघा, साक्षीदार ते स्वतः तपासतात की नुसते मुदतीचे अर्ज देतात, आणि त्यांच्याकडून बाहेर पडलेल्या एखाद्या ज्युनिअरला गाठून एवढंच विचारा की ड्राफ्ट लाल पेनानं दुरुस्त करून परत मिळायचा का.