अण्णांचा पाच नंबरचा रंधा

धार लावायचा कंटाळा नसेल तर हा रंधा जरूर घ्या. बेली पद्धतीचा, पाच नंबरचा, बिडाचा. लांबी साधारण चौदा इंच, पातं दोन इंच रुंद, वजन दोन किलोच्या आसपास. माझे वडील, आमचे अण्णा, सुतार होते आणि त्यांचं बहुतेक काम याच रंध्यानं झालं. ते गेले, त्यानंतर आईनं तो माझ्या हातात दिला. तेव्हापासून मी वापरते आहे.

जुन्या लाकडी रंध्यात पातं पाचर मारून बसवतात आणि हातोडीनं ठोकत कमी-जास्त करतात. यात पात्यामागे एक पितळी चाक असतं. ते फिरवलं की पातं केसभर वर-खाली होतं, काम चालू असतानाही. लेनर्ड बेली या अमेरिकी कारागिराची ही मांडणी. स्टॅनली कंपनीनं 1869 मध्ये त्याची पेटंटं घेतली आणि नंतर असंख्य कारखान्यांनी तोच नमुना उचलला. आमचा रंधा अशाच एका नकलेपैकी, आणि त्याचं काही अडलं नाही. अण्णा रंधा उलटा धरून उजेडाकडे करायचे, तळावर पात्याची बारीक काळी रेघ दिसली की चाक थांबवायचे, मग आधी टाकाऊ तुकड्यावर एक हात मारायचे. "जास्त घेतलंस की लाकूड भांडतं," म्हणायचे.

पात्याच्या वर आणखी एक पट्टी बसते, तिच्याकडे नवशिके लक्षच देत नाहीत. साध्या कामाला ती धारेपासून मिलिमीटरभर मागे ठेवा. गाठीचं किंवा उलट्या रेषेचं लाकूड असेल तर आणखी जवळ आणा, म्हणजे रेषे उपटत नाहीत. तळाला मेणबत्ती घासली की रंधा एवढा हलका पळतो की वजन विसरायला होतं. आमच्या अभ्यासाच्या टेबलाची फळी अण्णांनी अशीच रंधली. पॉलिश कागद लावलाच नाही, आणि अजून तिच्यावरून हात फिरवला की कुठे अडत नाही. त्या टेबलाचे पाय त्यांनी मुद्दाम आखूड ठेवले होते. आम्ही बहिणी वाढलो तसे ते खाली ठोकळे लावत गेले.

मुठीत तीनच बोटं मावतात. ते बरोबरच आहे. तर्जनी पुढे, बाजूला टेकवायची. अण्णांच्या अंगठ्याच्या बेचक्यात मुठीनं पाडलेला घट्टा होता, निवृत्तीनंतरही गेला नाही. शेवटी दवाखान्यात आई त्याच घट्ट्यावर बोट फिरवत बसायची.

निवृत्त झाल्यावर त्यांना दम लागायला लागला आणि डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला सांगितलं. सुतारकाम करणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं: लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 मध्येच नोंदवलं आहे. अण्णांचं दुखणं कशामुळे होतं हे मी ठरवणार नाही. पण घासायचं मशीन त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं, रंधा मात्र ठेवला. मशीनची धूळ हवेत तरंगत राहते, रंध्याच्या ढलप्या पायाशी पडतात. कुणाचं दार चौकटीला घासायला लागलं की ते अण्णांकडे यायचे. मग अण्णा स्टुलावर बसून, मध्येमध्ये थांबत, कड रंधून द्यायचे. घाई त्यांनी आधीही केली नव्हती. कामाच्या दिवसांतही अंधार पडायच्या आत घरी यायचे आणि आमच्या वह्या बघितल्याशिवाय जेवायला बसायचे नाहीत.

आता उणिवा. बीड आहे, फरशीवर पडला तर तडकतो. ओलसर हातानं ठेवून दिलात तर दुसऱ्या दिवशी गंज दिसतो. तेलाचं फडकं जवळच ठेवा. चाक उलट फिरवताना थोडा रिकामा फेरा जातो, त्याची सवय करावी लागते. आणि धार नसेल तर याच्याइतकं निरुपयोगी हत्यार नाही. पात्याला पंचवीस अंशांचा उतार, टोकाला तीस, आणि मागची बाजू दगडावर अगदी सपाट. अण्णा काम सुरू करायच्या आधीच धार लावायचे, पातं बोथट व्हायची वाट बघत नसत.

जुना घेणार असाल तर पात्याच्या फटीजवळ तडा आहे का ते नखानं तपासा, तळावर मोजपट्टी उभी धरून खालून उजेड येतो का बघा, आणि पातं किती शिल्लक आहे तेही बघा. आमचं आता फार उरलेलं नाही. त्याच मापाचं नवं पातं मिळतं, ते मी बसवणार आहे. हात लहान असेल तर चार नंबर घ्या, नऊ-साडेनऊ इंचाचा असतो. माझ्या भाच्यानं तोच घेतला. धार अजून माझ्याकडून लावून नेतो, पुढच्या वेळी त्याला स्वतःचा दगड घेऊन यायला सांगितलं आहे.