वादळानंतर बोटीच्या विम्याचा अनुभव: पाच टक्के, पण कशाचे?

दुरुस्तीचा खर्च बोटीच्या विमा रकमेच्या साडेसहा टक्के आला. कंपनीने त्यातून पाच टक्के डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला मालकाने स्वतः सोसायचा वाटा, कापलं. नुकसानीच्या पाच टक्के नव्हे, अख्ख्या विमा रकमेच्या पाच टक्के! म्हणजे शंभराच्या बोटीचं साडेसहाचं नुकसान झालं, त्यातले पाच आमचे आणि दीड कंपनीचा. एरवीच्या अपघाताला हेच डिडक्टिबल एक टक्का आहे. नाव दिलेलं चक्रीवादळ असलं की एकदम पाचपट.

पॉलिसीच्या पहिल्या पानावर फक्त ‘वादळ: ५ टक्के’ एवढंच छापलंय. कशाचे, ते शेवटी व्याख्यांच्या पानावर. हे पहिल्या पानावर न छापण्याचं कारण मी कंपनीला तीनदा लेखी विचारलं, उत्तर नाही. छोट्या बोटींचं वादळातलं नुकसान बहुतेक वेळा फुटलेला कठडा, वाकलेलं रेलिंग, फाटलेलं शीड, पाणी शिरलेलं वायरिंग असंच असतं. ते पाच टक्क्यांच्या आतच राहिलं तर वर्षानुवर्षं भरलेल्या प्रीमियमवर एक पैसा मिळत नाही. वादळाचं डिडक्टिबल वेगळं का ठेवतात ते समजतं. २०१२च्या सँडी वादळात अमेरिकेत ६५ हजारांहून जास्त हौशी बोटींचं नुकसान झाल्याचा तिथल्या बोटमालकांच्या संघटनेचा अंदाज होता. एका रात्रीत इतके क्लेम आले तर कंपनी हात आखडणारच. पण मग तसं ठळक लिहा.

एवढ्यावर मी दोन तारे देऊन मोकळा झालो असतो. मत बदललं ते लायबिलिटीच्या भागामुळे, म्हणजे आपल्या बोटीने दुसऱ्याचं नुकसान केल्याचा दावा आला तर कामी येणाऱ्या विम्यामुळे, ज्याला मी आजवर भुर्दंड समजत होतो.

आमच्या बोटीचं बरंचसं नुकसान वाऱ्याने नाही, शेजारची बोट सुटून आदळल्याने झालं. त्या मालकाच्या कंपनीचं उत्तर दोन ओळींचं: दैवी आपत्ती, जबाबदारी नाही. वादळ आलं म्हणून जबाबदारी आपोआप संपत नाही, तशीच ती आपोआप येतही नाही. प्रश्न एवढाच, की वादळाची सूचना मिळाल्यावर समंजस माणूस जितकी काळजी घेईल तितकी घेतली का. सुटून वाहत आलेली बोट बांधलेल्या बोटीवर आदळली तर दोष वाहत्या बोटीचा असं आधी धरायचं, आणि तिच्या मालकाने उलट सिद्ध करायचं, हे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातच लुइझियाना या जहाजाच्या खटल्यात सांगितलंय.

धक्क्याच्या कड्याला त्या बोटीच्या दोराचं टोक लटकत होतं. तीन पदरांपैकी दोन पिंजून भुरकट झालेले, तिसरा मात्र सरळ तुटलेला. दोर ज्या काँक्रीटच्या काठावरून जात होता तिथे तो घासून झिजू नये म्हणून ना रबरी नळी, ना कापडाची गुंडाळी. मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढले.

तेवढ्यात तिसऱ्याच बोटीच्या मालकाची आम्हाला नोटीस आली: तुमची बोट ढकलली जाऊन आमच्यावर आली. इथे कंपनी खरंच उभी राहिली. वकील त्यांनी दिला, फी त्यांनी भरली, डिडक्टिबलचा प्रश्नच नाही. आमचे दुहेरी दोर, त्यांवरच्या नळ्या, फेंडर (धक्का झेलायला बोटीच्या कडेला लावलेल्या गाद्या), सगळ्यांचे वादळाआधीचे तारखेसह फोटो होते. दावा मागे घेतला गेला.

आणखी एक कलम कामाला आलं. नुकसान टाळायला किंवा कमी करायला मालकाने वाजवी प्रयत्न करायलाच हवेत, आणि अशा कलमाखाली त्याचा खर्च मूळ भरपाईखेरीज मिळतो, हे तत्त्व १९०६च्या ब्रिटिश मरीन इन्शुरन्स कायद्यात आहे. खारं पाणी शिरलेलं इंजिन सर्व्हेअरची, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाची, वाट बघत ठेवलं तर गंजून जातं. आम्ही फोटो काढून लगेच गोड्या पाण्याने धुवून घेतलं, पंप आणि ताडपत्रीच्या पावत्या जोडल्या. या खर्चाचे पूर्ण पैसे मिळाले, कपात शून्य.

शीड आणि दोरांवर मात्र भरपूर घसारा लावला. बोट बुडाली तर अवशेष काढण्याचा खर्च विमा रकमेतूनच जातो की त्यासाठी वेगळी मर्यादा आहे, हेही पॉलिसीत बघून घ्या. आणि शेजाऱ्याशी भिडेखातर ‘काही मागणं नाही’ असं लिहून देऊ नका. आपल्या कंपनीचा त्याच्याकडून वसुलीचा हक्क त्यामुळे जातो आणि ती क्लेम अडवू शकते.

पॉलिसी त्याच कंपनीकडे रिन्यू केली. जादा प्रीमियम विमा रकमेच्या ०.३ टक्के भरून वादळाचं डिडक्टिबल पाचावरून दोनावर आणलं. दहा वर्षांत असं एक नुकसान झालं तरी पैसे फिटतात. दोन टक्के कशाचे, ते ईमेलवर लिहून घेतलंय. शेजाऱ्याच्या कंपनीकडून वसुली करताना आमचे पाच टक्केही मागा असं कळवलंय. प्रकरण चालू आहे. तूर्तास साडेतीन तारे, ते पैसे परत आले तर चार करेन.