वाचनालयाला पैसा कुठून आणायचा? शासनाचं अनुदान, कोलकात्याची मदत की गावची वर्गणी

दोन कपाटं पुस्तकं जमली की बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "शासनाची मान्यता घेऊन टाकू, ग्रँट सुरू होईल." घाई करू नका. ग्रँट कशाला मिळते आणि कशाला मिळत नाही, हे आधी पाहू.

राज्याचं परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायला मिळणारे पैसे, १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मिळतं. त्यासाठी संस्था १८६० च्या संस्था नोंदणी आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यांखाली नोंदवलेली हवी, म्हणजे धर्मादाय कार्यालयाची पायरी चढणं आलं. ग्रंथालयांचे वर्ग ठरलेले आहेत. जिल्हा आणि तालुका ग्रंथालयं वेगळी, बाकीची 'इतर अ' पासून 'इतर ड' पर्यंत. नवं गावचं वाचनालय बहुतेक वेळा 'ड' मध्ये बसतं.

आता हिशोब. 'ड' वर्गाला पूर्वी वर्षाला ३०,००० रुपये मिळत. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ जाहीर झाली, म्हणजे ४८,०००. त्यातले निम्मे पगाराचे. २४,००० भागिले बारा, महिना २,०००. एवढ्यात ग्रंथपाल म्हणून कोण बसणार? निवृत्त शिक्षक, नाहीतर गावातली शिकलेली सून, आणि तीही वाचनाच्या ओढीनं. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल. (आजचा दर जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयातूनच घ्या.)

शिवाय ही रक्कम हप्त्यांनी येते. वर्तमानपत्रवाला मात्र दर महिन्याला दारात उभा असतो. मागच्या वर्षीचा मान्य खर्च आणि लेखापरीक्षण अहवाल पाहून अनुदान ठरतं, म्हणजे आधी पदरचे घालायचे. हप्ता लांबला तरी सहा महिने रेटता येईल एवढी शिल्लक नसेल, तर मान्यतेच्या भरवशावर माणूस नेमू नका. आलेल्या पुस्तकांची दाखल नोंदवही, देवघेव, सभासद नोंदवही, कपाटं-टेबलांची जडवस्तू नोंदवही, सगळं तपासणीला तयार लागतं. ही शिस्त मला जाच वाटत नाही. कित्येक वाचनालयांची पुस्तकं केवळ तिच्यामुळे जागेवर राहिली आहेत.

कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून केंद्राच्या पैशातून मदत करतं. समान निधीत राज्य आणि प्रतिष्ठान दोघांचे पैसे एकत्र होऊन प्रामुख्यानं ग्रंथ मिळतात. असमान निधीत इमारत, बालविभाग, संगणक असे विषय येतात. पगार यात नाही. इमारतीसाठी जागेचे कागद स्वच्छ हवेत, नि भावकीच्या सातबाऱ्यावरचं वाचनालय इथंच अडतं. आमदार-खासदार निधीचंही तसंच. खोली उभी राहील, पण ती रोज संध्याकाळी उघडायला माणूस तो निधी देत नाही.

वर्गणी-देणगीचा मार्ग सगळ्यात जुना. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, म्हणजे कायद्याच्या कितीतरी आधीचं. कागदपत्रं कमी, निर्णय झटपट. मात्र देणारी पिढी मुंबई-पुण्याला गेली की वर्गणी आटते, आणि देणगीदाखल येतात ती बहुधा माळ्यावरची जुनी पाठ्यपुस्तकं.

शेजारी वेगळी व्यवस्था आहे. कर्नाटकात १९६५ च्या कायद्यानं घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसवला. गोव्याच्या १९९३ च्या कायद्यात तो मद्यावर आहे, म्हणजे पिणारा वाचणाऱ्याला पोसतो! महाराष्ट्रात असा उपकर नाही. इथं दरवर्षी अर्थसंकल्पाकडे डोळे लावावे लागतात.

मग काय निवडायचं? पुस्तकं-कपाटं कमी पडत असतील तर प्रतिष्ठानाच्या योजना पाहा, पण त्याही प्रस्तावाची वाट राज्याच्या ग्रंथालय यंत्रणेतूनच जाते. रोज कुलूप उघडणारं माणूस हवं असेल तर मान्यतेला पर्याय नाही. २०१२ मध्ये महसूल खात्यानं केलेल्या ग्रंथालयांच्या पडताळणीनंतर नव्या मान्यता आणि दर्जावाढ कित्येक वर्षं थांबल्या होत्या, म्हणून अर्ज लिहिण्याआधी एक फेरी जिल्हा कार्यालयात मारा. तोवर संस्था नोंदवून घ्या आणि पहिल्या पुस्तकापासून दाखल क्रमांक टाकायला लागा. मान्यता उशिरा आली तरी नोंदवह्या मागून लिहाव्या लागणार नाहीत.