लिनिअर मोटरचा ट्रॅक: सगळं झकास, पण अडकलेलं शटल हाताने सरकवायचं कसं?

चाकणच्या आमच्या पॅकिंग लाइनवर साखळीचा कन्व्हेअर काढून लिनिअर मोटरचा ट्रॅक (माल वाहणारी सुटी शटलं साखळीऐवजी विजेच्या कॉइलच्या जोरावर चालवणारा) बसवला, त्याला आता वर्ष होत आलं. वेग, अचूकता, रेसिपीप्रमाणे दोन शटलमधलं अंतर बदलणं, याबद्दल ब्रोशरमध्ये लिहिलंय ते खरं आहे. ग्रीसिंग नाही, साखळी ताणायची भानगड नाही. माझं दुखणं एकच, आणि खरेदीच्या एकाही मीटिंगमध्ये ते निघालं नाही: शटल मध्येच अडकलं तर काय?

कारण अडकतंच. बाटली आडवी पडते, लेबलचा चिटोरा चाकाखाली जातो. पॉवर चालू असताना ढकलायला जाल तर शटल हटत नाही. कॉइल त्याला नेमलेल्या जागी धरून ठेवतात, तुम्ही जोर लावाल तसा करंट वाढतो. आणि अडथळा निघाला की ते थेट पुढच्या जागी सुटतं, तेव्हा बोटं मध्ये असली तर संपलंच. म्हणून पॉवर बंद करायची. पण बंद करून वाट्टेल तसं ढकलायचं का, यावरूनच आमचं सर्व्हिसवाल्यांशी वाजलं.

रात्रपाळीच्या पोरांनी ई-स्टॉप (तातडीने बंद करायचं बटण) दाबून रिकामी शटलं एका टोकाला नेली, तीही धावत ढकलत. सकाळी ड्राइव्हचं, म्हणजे कॉइलना करंट पुरवणाऱ्या भागाचं, कार्ड गेलेलं. सर्व्हिसवाल्याने व्हिडिओ कॉलवरून, उंटावरून शेळ्या हाकत, लॉग पाहिला आणि निकाल दिला: ओव्हरव्होल्टेज, वॉरंटीत बसत नाही. माझं डोकंच फिरलं. बंद ट्रॅकवर व्होल्टेज आलं कुठून?

आलं ते शटलमधूनच. शटलच्या पोटात निओडिमियमचे कायम चुंबक असतात. ते कॉइलवरून सरकले की मोटरचा जनरेटर होतो. जितकं जोरात ढकलाल तितकं जास्त व्होल्टेज, आणि ते ड्राइव्हमधल्या डायोडांतून डीसी बसवर, म्हणजे ड्राइव्हला वीज देणाऱ्या लाइनवर, चढतं. आमची बस 48 व्होल्टची. मॅन्युअलमध्ये ही सूचना आहे, पण पार मागे, स्टोरेजच्या पानांजवळ. ट्रॅकवर एक स्टिकर चिकटवायला किती खर्च आला असता? व्हिजिट चार्ज मात्र नाकापेक्षा मोती जड.

तेव्हा ओळखीच्या दोन कारखान्यांना मी "घेऊ नका" असंच सांगितलं होतं. आता तसं सांगणार नाही. मोटरला ताकद देणारा सप्लाय आणि सेन्सर-कंट्रोलचा सप्लाय वेगळे असतात, हे त्या भांडणातूनच कळलं. ई-स्टॉपच्या सर्किटमध्ये दोन्ही एकत्र बंद होतील अशी वायरिंग आमच्याकडे करून ठेवली होती. त्यांच्याच ड्रॉइंगप्रमाणे पहिल्या झोनच्या (ट्रॅकच्या पहिल्या भागाच्या) ताकदीच्या सप्लायवर वेगळा कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा स्विच) बसवून घेतला. आता ताकद तोडली तरी सेन्सर जागे असतात, हाताने सरकवलेलं शटल स्क्रीनवर दिसत राहतं आणि पुन्हा होमिंगची, म्हणजे प्रत्येक शटलची जागा नव्याने ओळखून घ्यायची, कटकट नाही. शटल उचलून दुसरीकडे ठेवलं तर मात्र त्याची ओळख जाते. मग सगळा ट्रॅक होम करा.

पोरांना आता असं शिकवलंय: आयसोलेटरला (मेन स्विचला) आपलं स्वतःचं कुलूप, कपॅसिटरमधला चार्ज उतरेपर्यंत थांबायचं, मीटर लावून बघायचं. एका वेळी एकच शटल, मागून तळहाताने, रमतगमत. दोन शटलांच्या मध्ये बोट घालायचं नाही. लोखंडी ॲलन की खिशात ठेवायची नाही, झटक्यात ओढली जाते. पितळी हत्यारं महाग पडतात, तरी घेतली. उचललेली दोन शटलं चुंबकाची बाजू समोरासमोर करून टेबलावर ठेवायची नाहीत, एकमेकांवर आदळून कडा उडतात. पेसमेकर असलेल्या माणसाला ट्रॅकजवळ फिरकू देत नाही. युरोपच्या 2013 च्या नियमांत अशा माणसांसाठी चुंबकी क्षेत्राचा 0.5 मिलीटेस्ला हा आकडा दिलाय आणि चुंबकाला चिकटून तो सहज ओलांडला जातो.

ट्रॅकचा जो भाग वर चढतो तिथे आणखी एक गोम आहे. ताकद गेली की शटल तिथे टिकत नाही, सरळ खाली घसरतं. आधी आडवी खिट्टी लावायची, मगच कॉन्टॅक्टर पाडायचा. ही खिट्टी आम्ही वर्कशॉपमध्ये नायलॉनची बनवली. कंपनीच्या किटची किंमत ऐकून स्टोअरवाला हसला होता.

दुसऱ्या झोनचं कोटेशन आलंय, त्यात एका कॉन्टॅक्टरच्या कामाला जो भाव लावलाय त्यात आमचा इलेक्ट्रिशियन चार झोन उरकेल. त्याच ड्रॉइंगवर आम्हीच काम करतो, वॉरंटीला धक्का लागणार नाही एवढं लिहून द्या, असा मेल टाकलाय. उत्तर अजून नाही.