एमबीआर की जीपीटी? एका डिस्कवर दोन सिस्टिम मांडण्याआधी

बेळगावात राहून विंडोज अगदीच सोडणं मला जमलेलं नाही. कन्नडमधलं पत्र-अर्ज करायचा तर नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) लागतं, दुकानाचा हिशेब टॅलीवर. बाकी रोजचं सगळं लिनक्सवर. म्हणून एकाच डिस्कवर दोन्ही, आणि मग एमबीआर की जीपीटी हा प्रश्न आलाच. डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशनं, कुठून कुठपर्यंत याचा तक्ता ठेवायच्या या दोन पद्धती.

एमबीआर १९८३ च्या डॉसपासून चालत आलेला. त्याच्या तक्त्याला जागाच ६४ बाइट, एका नोंदीला १६, म्हणून मुख्य, म्हणजे प्रायमरी, पार्टिशनं चारच. पाचवं हवं तर चारांतलं एक एक्स्टेंडेड करून त्याच्या पोटात लॉजिकल पाडायची. ऐकायला सोपं आहे. पण माझा विंडोज ७ चा लॅपटॉप घरी आला तोच चारही जागा भरून: सिस्टिमचं छोटं, सी, रिकव्हरी आणि कंपनीच्या टूल्सचं. सी आकसून ६० जीबी मोकळे केले, लिनक्सचा इन्स्टॉलर लावला, तर त्या जागेपुढे ‘अनयूजेबल’. जागा आपलीच, पण आत जायला वाट नाही.

पुतण्या म्हणाला, विंडोजमधूनच पाडतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटनं डिस्क डायनॅमिक (विंडोजची स्वतःची वेगळी मांडणी) करू का म्हणून विचारलं. ‘काका, मी होय म्हणून दाबलो की!’ झालं. तशा डिस्कवर लिनक्सच्या इन्स्टॉलरचं काही चालेना, आणि विंडोजच्या साधनानं परत बेसिकवर, म्हणजे साध्या मांडणीवर, यायचं तर सगळे व्हॉल्यूम पुसायचे. अख्खा रविवार बॅकअप आणि पुन्हा मांडामांडीत गेला. मध्ये दोनदा लाईट गेली ती वेगळीच.

जीपीटीत (हल्ली पोरांना या नावानं दुसरंच काही आठवतं) विंडोज १२८ पार्टिशनं देतं, तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, एमबीआरसारखी दोन टीबीच्या पुढची जागा न धरण्याची अडचण नाही. नव्या यंत्रावर माझी सगळी मिळून सातच आहेत. वेगात फरक पडला असंही मी म्हणणार नाही. फक्त पाचवं कुठं बसवू हा हिशेब सुटला, आणि मला तेवढं पुरलं.

यूईएफआय (यंत्र सुरू करणारं, जुन्या बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर) नसलेल्या जुन्या यंत्रावर मात्र विंडोज जीपीटीवरून सुरू होत नाही, तिथं एमबीआरच. मग रिकव्हरीच्या डीव्हीडी करून टूल्सचं पार्टिशन आधी काढा, डायनॅमिकला हात लावू नका. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून आलेलं एमबीआर-टू-जीपीटी साधन डेटा न पुसता बदल करतं खरं, पण प्रायमरी तीनपेक्षा जास्त किंवा एखादंही लॉजिकल असलं की नाही म्हणतं. म्हणजे चारात अडकलेल्यालाच त्याचा उपयोग नाही! शिवाय दोन्ही सिस्टिम एकाच पद्धतीनं बसवा. एक यूईएफआयनं, एक लेगसीनं (जुन्या बायोसच्या पद्धतीनं), असं केलं तर एका मेनूतून दोन्ही निवडता येत नाहीत.

तुमच्या गरजा वेगळ्या असतील. तरी यंत्रात यूईएफआय असेल, तर डिस्क रिकामी आहे तोवर जीपीटी करून घ्या असं मला वाटतं. मी नव्या यंत्रावर तेच केलं. जुना लॅपटॉप अजून एमबीआरवरच आहे, दुकानात, टॅलीपुरता.