दहापैकी साडेनऊ देणाऱ्या चॅनेलनं आम्हाला कसं फसवलं

लातूर, उदगीर, नांदेड भागात जुन्या प्लेस्टेशन ४ (पीएस४) या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनवर खेळणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय. यूट्यूबवर नव्या गेमच्या रिव्ह्यूत ‘दहापैकी साडेनऊ’ असं ठळक अक्षरात बघून कुणी खिशात हात घालणार असेल, तर त्याआधी एवढं वाचा.

गेमचं आणि चॅनेलचं नाव घेत नाही. तक्रार दिली आहे, तिचं काय व्हायचं ते होऊ द्या. चॅनेल हिंदी आहे आणि आपल्याकडची अकरावी-बारावीची पोरं त्या माणसाचा शब्द प्रमाण मानतात. गेम बाजारात यायच्या आदल्या दिवशीच त्याचा रिव्ह्यू आला. ग्राफिक्स कडक, गोष्ट भारी, डोळे झाकून घ्या. मी, माझा मावसभाऊ आणि त्याचा रूममेट, अशा तिघांनी पैसे गोळा करून संभाजीनगरच्या एका दुकानातून डिस्क मागवली. चार हजार रुपये. मावसभावाच्या वडिलांची औशाकडं शेती आहे. तेव्हा आडतीत सोयाबीनला क्विंटलमागं साधारण तेवढेच पडत होते, त्यामुळं चार हजार म्हणजे किती हे त्या घरात कुणाला सांगावं लागत नाही.

डिस्क असूनही पहिल्याच दिवशी भलंमोठं अपडेट उतरवावं लागलं, तेही मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. मग गेम सुरू झाला. माणसांचे चेहरे मेण वितळल्यासारखे. चौकात गर्दी आली की चित्र अडकत अडकत पुढं जायचं. मारामारी ऐन रंगात आली की गेम बंद पडून होम स्क्रीन समोर. शेवटी सेव्ह फाइलच खराब झाली आणि खेळलेलं सगळं गेलं. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, “सील फुटलं भाऊ, आता डिस्क परत घेता येत नाही.” त्यानं गेम बनवला नव्हता आणि गुणही दिले नव्हते, त्याच्यावर माझा राग नाही.

राग आहे तो रिव्ह्यू करणाऱ्यावर. तो व्हिडिओ आम्ही परत लावला आणि थांबवून थांबवून पाहिला. एका दृश्यात दार उघडायला स्क्रीनवर सूचना येते, ‘ई दाबा’. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर ‘ई’ नावाचं बटणच नाही, ते कीबोर्डवर असतं. म्हणजे हा गडी महागड्या पीसीवर खेळला होता आणि अख्ख्या व्हिडिओत त्यानं हे एकदाही सांगितलं नाही. वर शेवटी ‘सगळ्या प्लॅटफॉर्मवर उपलब्ध’ असं म्हणून मोकळा. काही तुकडे तर कंपनीच्या ट्रेलरमधलेच होते. खाली वर्णनात ‘आणखी’ वर दाबल्यावर हेडफोन-खुर्च्यांच्या लिंकांच्या तळाला एक ओळ सापडली. व्हिडिओ कंपनीच्या सहकार्यानं केलाय म्हणे. आम्ही कमेंटमध्ये सभ्य भाषेत विचारलं. कमेंट काढून टाकली.

पुढचं कळलं ते योगायोगानं. लातुरात बीजीएमआय या मोबाईल गेमच्या स्पर्धा भरवणारा एक मित्र आहे. जाहिरातीसाठी त्यानं याच चॅनेलला विचारलं होतं, तेव्हा त्याला व्हॉट्सॲपवर दरपत्रक आलं. त्यात ‘गुणांसह रिव्ह्यू’ असा वेगळा दर आहे आणि खाली अट आहे की व्हिडिओ टाकण्याआधी पैसे देणाऱ्याची मंजुरी घेतली जाईल. ज्याला गुण द्यायचे, तोच ते गुण आधी पाहून पास करणार! मी ते दरपत्रक स्वतः वाचलंय.

आडतीवर माल घालणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही. सोयाबीनचं मॉइश्चर, म्हणजे ओलावा, १२ टक्के आलं की चौदा, हे ठरण्याआधी शेतकरी विचारतो, मीटर कुणाचं आणि नमुना कोणत्या पोत्यातला? रिव्ह्यूतला आकडा मात्र आपण न विचारता घेतो.

हा खेळ जुना आहे. ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० ला आला तेव्हा समीक्षकांना आधी फक्त पीसीची प्रत मिळाली होती, आणि सुरुवातीच्या रिव्ह्यूत स्वतः खेळलेलं चित्रण दाखवायला मनाई होती. सगळ्या रिव्ह्यूंच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर गुण नव्वदीच्या घरात, शंभरपैकी. प्लेस्टेशन ४ वाल्यांनी घरी लावला तेव्हा खरं काय ते कळलं, आणि आठवडाभरात प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीनं तो आपल्या स्टोअरवरून काढून पैसे परत द्यायला सुरुवात केली. २०२१ च्या जूनपर्यंत तो तिथं परतला नाही. त्या समीक्षकांतले बहुतेक खोटं बोलले नव्हते. पीसीवर त्यांना तो आवडलाही असेल. पण नमुना कंपनीनं निवडून दिलेल्या पोत्यातला होता.

पैशांचं उदाहरण हवं असेल तर २०१४ चा ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’ हा गेम घ्या. वॉर्नर ब्रदर्सनं यूट्यूबरांना पैसे देऊन व्हिडिओ करून घेतले. अमेरिकेत ग्राहकांचं हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं २०१६ मध्ये ते प्रकरण तडजोडीनं मिटवलं, तेव्हा करारातल्या अटी बाहेर आल्या. गेमबद्दल चांगलंच बोलायचं आणि त्यातले बग, म्हणजे बिघाड, दाखवायचे नाहीत. पैसे घेतल्याची कबुली बहुतेकांनी ‘आणखी’ च्या खालीच दडवली होती. आमच्या व्हिडिओत होती तिथंच.

सगळेच विकले गेलेत असं मी म्हणत नाही. २००७ मध्ये गेमस्पॉट या रिव्ह्यूंच्या साइटवरच्या जेफ गर्स्टमननं ‘केन अँड लिंच’ या गेमला दहापैकी सहा दिले. त्याच वेळी साइटभर त्याच गेमच्या जाहिराती झळकत होत्या. त्याची नोकरी गेली, आणि त्यामागं जाहिरातदारांचा दबाव होता हे त्यानं २०१२ मध्ये उघडपणे सांगितलं. प्रामाणिक माणूस असतो, पण त्याला किंमत मोजावी लागते, म्हणून सातच्या खाली फारसं कुणी उतरत नाही. मेटाक्रिटिकचंच बघा. सिनेमाला ६१ गुण पडले की हिरवा रंग मिळतो, गेमला मात्र ७५ लागतात. गेमचे गुण मुळातच किती चढे असतात, हे यावरून दिसतं. आणि या आकड्यावर गेम बनवणाऱ्या लोकांचं पोट चालतं. ‘फॉलआउट: न्यू वेगस’ बनवणाऱ्या ऑब्सिडियनला ८५ गुण आले असते तर बोनस मिळणार होता. आले ८४. आकड्याला एवढं वजन असल्यावर तो वर ढकलायला हात लागणारच.

मग साधे खेळाडू साइटवर देतात ते गुण तरी खरे का? तेही जपूनच. २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ आला त्या दिवशी, गेम पुरा व्हायला वीसेक तास लागत असताना, काही तासांतच शून्य देणाऱ्यांची रांग लागली होती.

म्हणून मी आता गुण बघतच नाही. माझ्याच मशीनवर, म्हणजे साध्या पीएस४ वर, कुणी सलग अर्धा तास बडबड न करता खेळलेलं चित्रण शोधतो. बटणांच्या सूचना कीबोर्डच्या की कंट्रोलरच्या, ते बघतो. गेम आल्यावर निदान आठवडा जाऊ देतो. गेम येण्याआधीच नोंदवून ठेवणं, म्हणजे प्री-ऑर्डर, तर बंदच. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. प्लेस्टेशन स्टोअरवर १४ दिवस आहेत खरे, पण डाउनलोड सुरू केलं की तो हक्क साधारणपणे जातो. डिस्कचं काय होतं ते वर सांगितलंच.

आपल्याकडं कायदा आहे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या सूचनांनुसार पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओत तसं व्हिडिओतच सांगावं लागतं, नुसतं वर्णनात लिहून भागत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि जाहिरात मानक परिषदेकडंही पाठवली. मित्रानं दरपत्रकाचा स्क्रीनशॉट द्यायला होकार दिला, तोही जोडलाय. तुम्हीही असे फसला असाल तर बिल सांभाळून ठेवा, आणि व्हिडिओचा व त्याच्या वर्णनाचा तारखेसह स्क्रीनशॉट आजच काढा. वर्णनातली ओळ नंतर कधीही बदलता येते.